काचेवर ठपका सर्वात शेवटी

बंगळूरमधल्या बसवनगुडीच्या ब्यूगल रॉकवर मार्चच्या भर दुपारी मोठ्या शक्तीची दुर्बीण लावली, तर दूरच्या इमारतींच्या कडा उकळल्यासारख्या थरथरताना दिसतात. लांब पल्ल्याच्या रायफलीवर नवा स्कोप बसवणारा माणूस अशा वेळी हमखास काचेला बोल लावतो. पंचवीस पटीवर गढूळ दिसणारे चित्र दहा पटीवर आणले की बरेचसे शांत होते, आणि पहाटे, खडक थंड असताना, पंचवीस पटीवरही स्वच्छ दिसते. भिंगे तीच असतात. बिघाड तापलेल्या खडकावरून उठणाऱ्या झळांचा असतो, आणि दुर्बीण जितकी मोठी करून दाखवते, तितक्याच त्या झळाही मोठ्या होतात.

दूरवर नेम धरणाऱ्या दुर्बिणीचे दुखणे कसे हुडकावे, हे ज्या भूसर्वेक्षणाच्या कामात सर्वात कसून शिकले गेले, त्याची सुरुवात याच शहराजवळ झाली. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले. त्या लढाईतला एक अधिकारी, विल्यम लँबटन, 1800 च्या ऑक्टोबरमध्ये बंगळूरजवळच्या सपाटीवर शंभर फुटी पोलादी साखळी घेऊन उतरला आणि डिसेंबरपर्यंत त्याने सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. पुढची अंतरे साखळीने नव्हे, कोनांनी मोजायची होती. त्यासाठी लंडनच्या विल्यम कॅरीकडून थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणारे दुर्बिणीचे यंत्र, मागवला होता. आडवे चक्र छत्तीस इंचांचे, वजन जवळजवळ अर्धा टन. येताना जहाज फ्रेंचांच्या हाती लागले, यंत्र मॉरिशसला उतरवले गेले, आणि तिथून सौजन्याच्या पत्रासह 1802 मध्ये मद्रासला पोचले.

आजचा रायफलवरचा स्कोप या अवजड यंत्राच्याच कुळातला. पुढे भिंग, मागे आयपीस, मध्ये नेम धरायची फुली, आणि ती फुली केसाएवढी सरकवणारे स्क्रू. चूकही दोघांची एकाच मापाने मोजली जाते. कोनात एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली, तर शंभर मीटरवर ती जेमतेम 2.9 सेंटीमीटर भरते. हजार मीटरवर 29 सेंटीमीटर. पन्नास किलोमीटरवरच्या खुणेकडे पाहणाऱ्या सर्वेक्षकाला तीच चूक साडेचौदा मीटरला पडते. म्हणून सर्वेक्षकांनी दुर्बिणीची एकही तक्रार वरवर सोडली नाही.

हवेनंतर तपासायची ती फुली. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवावी, तिला हात न लावता फक्त डोके किंचित डावी-उजवीकडे हलवावे. फुली लक्ष्यावरून सरकताना दिसली, तर लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एका प्रतलात पडलेल्या नाहीत. हाच पॅरॅलॅक्स. यात काहीही मोडलेले नसते, फक्त क्रम चुकलेला असतो. आधी मोकळ्या आभाळाकडे पाहून आयपीस फिरवत फुली काळीभोर, रेखीव करून घ्यायची. मग बाजूच्या चकतीने लक्ष्य स्पष्ट करायचे. घाईघाईत लोक उलटे करतात, आणि फुलीच्या धूसरपणाची भरपाई नकळत डोळा करत राहतो. तासाभरात डोळा थकतो, चित्र पुन्हा बिघडते.

चित्र लख्ख आहे, तरी गोळ्या विखुरतात? मग आधी पकड पाहावी. रिंगांचे स्क्रू, खालचा माउंट, नळीवर पडलेला वाकडा दाब. माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळ इथेच द्यायला हवा. कारण भिंगे कितीही उत्तम असली, तरी ज्या धातूने ती धरली आहेत तो हलला की नेम गेला.

लँबटनला हे 1808 मध्ये तंजावरला भोगावे लागले. उंचावरून दूरचे दिसावे म्हणून थिओडोलाइट बृहदीश्वराच्या मोठ्या मंदिरावर चढवला जात होता. दोर तुटला, पेटी भिंतीवर आदळली आणि चक्र वाकले. नवे यंत्र इंग्लंडहून यायला कितीतरी काळ लागला असता. लँबटन कारागिरांना घेऊन तंबूत बसला. सपाट फळीवर त्याने चक्राच्या मूळ मापाचे वर्तुळ आखले आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू त्या वर्तुळावर ओढून आणली. सुमारे सहा आठवडे हे चालले. त्याच यंत्राने काम पुढे सुरू झाले. मला या सबंध मोहिमेत हे सहा आठवडे सर्वात मोठे वाटतात.

काचेची पाळी यानंतर. बाहेरचे धुके पुसले की जाते. आतले पुसता येत नाही, कारण नळीत भरलेला कोरडा नायट्रोजन निसटून दमट हवा शिरलेली असते. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर स्कोप घरी उघडू नये, जाणत्याकडेच द्यावा. संध्याकाळी चित्र काळवंडते, तेव्हा मात्र साधा भागाकार करून पाहावा. पन्नास मिलिमीटरचे भिंग पंचवीस पटीवर डोळ्याला दोनच मिलिमीटरचा प्रकाशझोत देते, दहा पटीवर पाच मिलिमीटरचा.

20 जानेवारी 1823 रोजी आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, काम चालू असतानाच, लँबटन वारला. त्याची जागा जॉर्ज एव्हरेस्टने घेतली. दिवसाच्या झळा टाळण्यासाठी त्याने रात्री दिवे लावून निरीक्षणे घेण्यावर भर दिला, आणि यंत्रे नीट करायला इंग्लंडहून हेन्री बॅरो हा कारागीर आणला. बॅरोनंतर ते काम अर्काटच्या सैयद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आले. कौतुकाला कृपण असलेल्या एव्हरेस्टनेही त्यांच्या कल्पकतेची लेखी प्रशंसा केली आहे.