त्वचेतील वृद्धिघटक आणि पेशींचा ‘संदेश’

वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय १८९० साली ज्या कुष्ठरोगासाठी निघाले, त्यात बोट भाजले तरी रुग्णास कळत नाही. जंतू मज्जातंतूंची हानी करतात, हे मुख्य कारण. परंतु बाधित त्वचेत मज्जातंतुवृद्धिघटकही घटलेला असतो, असे १९९४ मध्ये आढळले. हा घटक त्वचेतील पेशी निर्माण करतात. मात्र त्याचे प्रमाण त्या एकट्या ठरवीत नाहीत. मज्जातंतू दुखावला की तेथे जमलेल्या महाभक्षी पेशी इंटरल्यूकिन-१ हे प्रथिन स्रवतात. ते शेजारच्या पेशींवरील ग्राहीस जुळले की वृद्धिघटकाची निर्मिती वाढते, हे १९८७ च्या प्रयोगांत दिसले. यास ‘संदेश’ म्हणणे आम्हां भाषाभ्यासकांस किंचित खटकते. येथे वक्ता आहे, श्रोता आहे, पण विवक्षा कोठे? तथापि तेच प्रथिन निरनिराळ्या पेशींत निरनिराळा परिणाम घडविते. म्हणजे संदर्भ तरी येथे आहेच.