बंदरे आणि माणसे (६) : भोंग्याच्या हुकमावरची वस्ती

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी या बंदरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्राला खेटून सार्डिन डबाबंद करणारे कारखाने एकाला एक लागून उभे राहिले. सार्डिन म्हणजे आपल्याकडच्या तारलीच्या जातकुळीतला मासा. हे कारखाने ज्या रस्त्यावर होते, त्याचे मूळ नाव ओशन व्ह्यू ॲव्हेन्यू. जॉन स्टाइनबेकची ‘कॅनरी रो’ ही कादंबरी १९४५ मध्ये आली, ती गाजली आणि १९५८ मध्ये रस्त्याला अधिकृतपणे तेच नाव मिळाले.

इथली मासेमारी परदेशांतून आलेल्यांनीच वाढवली. १८५० च्या दशकात चिनी कोळ्यांनी जवळच पॉइंट अलोनेस येथे वस्ती केली. दिवसाच्या मासेमारीत इतरांशी स्पर्धा वाढली, तसे ते रात्री होड्यांवर जाळ पेटवून माकूल पकडू लागले आणि सुकवून चीनला धाडू लागले. मे १९०६ मध्ये आगीत ही वस्ती जळाली. जमिनीच्या मालक कंपनीने ती पुन्हा उभी राहू दिली नाही. जपानी पाणबुडे आले ते ॲबलोन या समुद्री गोगलगायीसाठी. कारखान्यांचे युग मात्र सिसिलीचे कोळी आणि नॉर्वेहून आलेला क्नूट होव्हडेन यांनी घडवले. सिसिलीच्या पिएत्रो फेरांतेने ‘लंपारा’ हे घेर टाकून ओढायचे जाळे इथे रुळवले आणि कारखान्यांना पुरून उरेल इतका मासा येऊ लागला. होव्हडेनने १९१६ मध्ये स्वतःचा कारखाना काढला.

मासेमारी अंधाऱ्या पक्षात चाले. चंद्र नसला की थव्याच्या हालचालीने पाणी चमकते आणि मासा कुठे आहे ते कळते. होड्या परतल्या की कारखान्याचा भोंगा वाजे. गिरणीच्या भोंग्यासारखी त्याला ठरलेली वेळ नव्हती. पहाटे तीनलाही तो वाजे. प्रत्येक कारखान्याचा आवाज निराळा. आपला भोंगा ओळखून कामगार, त्यांत बहुसंख्य बायका, डोक्याला फडके आणि अंगावर रबरी एप्रन बांधून धावत. मासा नळातून थेट कारखान्यात ओढला जाई. डोके-शेपूट छाटून तो हातांनी लंबगोल डब्यांत रचायचा, वर टोमॅटो किंवा मोहरीचा रस्सा, मग झाकण आणि वाफेवर शिजवणे. आलेला मासा संपेपर्यंत सुटी नाही. मासा आलाच नाही तर मजुरीही नाही. हंगाम साधारण ऑगस्ट ते फेब्रुवारी. उरलेले महिने दुसरीकडे राबून काढायचे.

कोणी काय करायचे हे बरेचसे जन्मस्थानावर ठरत असे. सिसिलीच्या पुरुषांकडे होड्या आल्या, त्यांच्या घरच्या बायका पॅकिंगच्या टेबलांवर उभ्या राहिल्या आणि ही कुटुंबे वरच्या टेकडीवर स्थिरावली. फिलिपिनो, जपानी आणि स्पॅनिश मजुरांपैकी अनेकांच्या वाट्याला कारखान्यांमागच्या लाकडी खोल्या आल्या. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असल्याने १९२४ च्या कायद्याने इतर आशियाईंना घातलेली प्रवेशबंदी तिथल्या तरुणांना लागू नव्हती. म्हणून ते आले. पण १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने गोऱ्यांशी त्यांचे लग्न बेकायदा ठरवले. श्रम चालत होते, सोयरीक नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाने हा भेद उघडा केला. फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर जपानी कुटुंबांना, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांसकट, छावण्यांत नेण्यात आले. नागरिकत्व न घेतलेल्या इटालियनांनाही किनारा सोडावा लागला. मोठ्या होड्यांपैकी अनेक नौदलाने घेतल्या. तरीही मासळीचा ओघ अफाट होता. १९४१-४२ च्या हंगामात सुमारे अडीच लाख टन सार्डिन उतरले. त्यातले पुष्कळसे डब्यांत गेलेच नाही. कोंबड्यांचे खाद्य आणि खत म्हणून विकली जाणारी कुटी आणि तेल यांत नफा जास्त होता, आणि कारखानदारांचा ओढा तिकडेच असे.

१९४७ च्या हंगामात आवक १९४१-४२ च्या दशांशालाही पोचली नाही. समुद्राच्या तापमानातले चढउतार हे एक कारण. पण शास्त्रज्ञांचे इशारे कानाआड करून केलेली बेसुमार मासेमारी हे कारण दुय्यम म्हणता येणार नाही. एकामागून एक कारखाने बंद पडले. होव्हडेनचा शेवटचा, १९७३ पर्यंत टिकला. त्याच जागी १९८४ मध्ये मत्स्यालय उघडले. मजुरांच्या तीन खोल्या जतन केल्या आहेत. कादंबरी वाचून इथे येणाऱ्यांनी त्या आधी पाहाव्यात. स्टाइनबेकच्या पुस्तकात भटके, दुकानदार आणि जीवशास्त्रज्ञ ठसठशीत आहेत, मासा भरणारे हात मात्र पार्श्वभूमीलाच राहिले आहेत.