वाणीनें सामने जिंकणारा फुटबॉलपटु

क्रिकेटविषयीं आमच्या घरांतून आजोबांपासून नातवापर्यंत सारेच अधिकारवाणीनें बोलतात. फुटबॉलचें नांव निघालें कीं मात्र मंडळी पानाचा डबा पुढें ओढतात. हा अन्याय थोडासा तरी दूर व्हावा म्हणून आज आम्ही प्रदीपकुमार बॅनर्जी (१९३६–२०२०) यांची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों.

जलपायगुडीस जन्मलेले बॅनर्जी कलकत्त्यास ईस्टर्न रेल्वेच्या संघांत शिरले, आणि पुढें तेथेंच राहिले. मोहन बगान व ईस्ट बेंगॉल हे तेथील दोन मातबर क्लब. परंतु खेळाडू या नात्यानें त्यांपैकीं एकाचाहि पोशाख त्यांनीं कधीं अंगावर चढविला नाहीं. १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला, त्या संघांत ते होते. १९६० सालीं रोम येथें ते कर्णधार झाले. फ्रान्सशीं १–१ अशी बरोबरी झाली, तींत आपला गोल त्यांचाच. १९६२ सालीं जाकार्ता येथें दक्षिण कोरियास २–१ असें हरवून भारतानें आशियाई सुवर्णपदक मिळविलें, तेव्हांहि एक गोल त्यांनींच केला.

पण आम्हांस विशेष सांगावयाचें तें यापुढील. खेळ थांबल्यावर ते शिक्षक झाले, आणि १९७२ पासून ईस्ट बेंगॉलची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांचें हत्यार म्हणजे जिव्हा. सामन्यापूर्वीं ते खेळाडूंस जें बोलत, त्यास कलकत्त्यांत ‘व्होकल टॉनिक’ असें नांवच पडलें! ३० सप्टेंबर १९७५ रोजीं आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत त्यांच्या संघानें मोहन बगानचा ५–० असा फडशा पाडला. मोहन बगानच्या एका भक्तानें त्या दुःखांत आत्मघात केला, इतका तो पराभव जिव्हारीं लागला. आणि त्या पराभूत संघांत बॅनर्जींचा धाकटा भाऊ प्रसून होता! त्या रात्रीं त्या घरीं विजयाचे संदेश वाटले गेले कीं नाहीं, याची कल्पना एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांनींच करावी.

पुढच्याच वर्षीं बॅनर्जी मोहन बगानकडे गेले. यांत आम्हांस द्रोह दिसत नाहीं. वकील पक्षकार बदलतो तेव्हां आपण त्यास दोष देतों काय? आतां दोघे भाऊ एका बाजूस आले. १९७७ सालीं ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉस संघाशीं मोहन बगाननें २–२ अशी बरोबरी साधली, आणि त्याच वर्षीं शील्ड, ड्युरँड व रोव्हर्स हे तिन्ही चषक पटकाविले. त्यांपैकीं रोव्हर्स आमच्या मुंबईचा, कूपरेजच्या मैदानावरचा.

१३ जुलै १९९७ रोजीं ते पुन्हां ईस्ट बेंगॉलच्या बाजूस होते. सॉल्ट लेकवर सुमारें १,३१,००० प्रेक्षक जमले होते. मोहन बगानचे शिक्षक अमल दत्त यांनीं प्रतिपक्षाच्या खेळाडूंची आधींच यथेच्छ टिंगल केलेली. टॉनिकास दुसरें अनुपान कशास हवें? बायचुंग भुतियानें एकट्यानें तीन गोल केले, आणि सामना ४–१ असा ईस्ट बेंगॉलकडे गेला. शिक्षकाचें वय त्या वेळीं ६१ होतें.