स्तनाचा कर्करोग आणि पथनाट्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम एकीनेच स्तनांची तपासणी कधीतरी करून घेतलेली होती. ही स्थिती बदलावी म्हणून वस्त्यांत, आठवडी बाजारात, बचत गटांच्या मेळाव्यांत पथनाट्ये केली जातात. आजाराबद्दल जितके गैरसमज आहेत, जवळपास तितकेच या नाटकांबद्दलही आहेत.

ज्यांना पत्रक वाचता येत नाही त्यांच्यासाठी नाटक, हा त्यांतला पहिला. पत्रक वाचणारी बाई ते एकटीने वाचते आणि घडी करून ठेवून देते. नाटकात मात्र घरात कुजबुजतही न बोलली जाणारी गोष्ट सासू, नवरा, शेजारीण अशा सगळ्यांसमोर एकदम उच्चारली जाते, आणि मग ती घरी बोलणे थोडे सोपे होते. शिकलेल्या घरांतही हा संकोच काही कमी नसतो. महाराष्ट्राला हे माध्यम नवे नाही. सत्यशोधक जलसे, अण्णाभाऊ साठ्यांचे लाल बावटा कलापथक, स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ पासून गावोगाव केलेले ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ अशी त्याची जुनी वाट आहे.

प्रेक्षक फक्त बायकाच असाव्यात, असेही अनेक आयोजकांना वाटते. प्रश्नोत्तरे आणि तपासणी बायकांपुरती ठेवणे योग्यच. पण तालुक्याला जायचे की नाही, पैसे कुठून आणायचे, कामाचा खाडा करायचा का, हे अनेक घरांत पुरुष ठरवतो. तो प्रेक्षकांत नसेल तर अर्धे नाटक वाया जाते. शिवाय हा रोग पुरुषांनाही होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण सुमारे १ टक्का असते.

सर्वांत घातक समज नाटकवाल्यांच्या हातूनच पसरू शकतो. वेदना रंगमंचावर दाखवायला सोपी, म्हणून नायिका छाती धरून कळवळते आणि मग गाठ सापडते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि ‘दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?’ म्हणूनच महिने निघून जातात. न दुखणारी गाठ, काखेतली गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, ही लक्षणे संहितेत यायला हवीत. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही त्याच दमात सांगायला हवे.

शेवटी नायिकेला मारले की लोक हादरून तपासणीला येतील, हीदेखील समजूतच. ‘कॅन्सर म्हणजे मरण’ असे आधीच मानणाऱ्या बाईला असा शेवट एवढेच सांगतो की जाऊन उपयोग नाही. लवकर सापडलेला रोग बहुतांशी बरा होतो आणि दर वेळी संपूर्ण स्तन काढावा लागतोच असे नाही. उपचारांनंतर शेतावर किंवा कामावर परतलेली बाई नाटकात दिसणे रडारडीपेक्षा परिणामकारक ठरते. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांचे तंत्र इथे उपयोगी पडते : पेच ऐन टोकाला आला की प्रयोग थांबवायचा आणि प्रेक्षकांतल्या कुणालातरी त्या बाईच्या जागी उभे करून नवऱ्याला किंवा सासूला पटवायला लावायचे. पश्चिम बंगालमधील, १९८५ मध्ये सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था याच पद्धतीने काम करत आली आहे.

गर्दीतून येणारे काही प्रश्न ठरलेले असतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो? नाही; सुईने तुकडा तपासल्याशिवाय निदानच पक्के होत नाही. मार लागल्याने होतो? नाही, मार लागल्यावर लक्ष जाते आणि आधीची गाठ हाताला लागते, इतकेच. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. घराण्यात कुणाला नव्हता म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण जेमतेम ५ ते १० टक्के रुग्णांतच तो आनुवंशिक असतो.

स्वतःची तपासणी शिकवली की काम झाले, हा समज आरोग्य कार्यकर्त्यांतही आढळतो. शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक गिरणी कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (२००२) केवळ स्वतपासणी शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. आपल्या शरीरातला बदल ओळखणे महत्त्वाचेच, पण पुढे प्रशिक्षित हाताने तपासणी व्हावी लागते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्यामुळे रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यूंत अशी घट दिसली नाही.

टाळ्या मिळाल्या म्हणजे प्रयोग यशस्वी, हा शेवटचा गैरसमज. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हायची असते. त्यामुळे खेळ संपताच आशाताईंनी पुढे येऊन तपासणीचा वार, वेळ आणि ठिकाण सांगितले पाहिजे; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात, हेही तिथेच सांगायला हवे. प्रयोगाचा हिशेब दोनच आकड्यांत मांडावा : तपासणीला किती जणी आल्या, आणि संशयित आढळलेल्यांपैकी किती जणी रुग्णालयापर्यंत पोहोचल्या.