एकदा होऊन गेला, तरी पुन्हा?

गोवर एकदा येऊन गेला की जन्मभराची सुटका, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. 2020 मध्ये करोनाकडूनही अनेकांची हीच अपेक्षा होती. त्या ऑगस्टमध्ये हाँगकाँग विमानतळावर 33 वर्षांच्या एका प्रवाशाची चाचणी पॉझिटिव्ह आली. मार्चमध्ये त्याला करोना होऊन गेला होता. जुनाच विषाणू शरीरात रेंगाळला असेल, ही शंका रास्त होती; पण हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्ही वेळच्या विषाणूंचे जनुकीय क्रम ताडून पाहिले, तर 24 ठिकाणी फरक निघाला. लागण नवीच होती. या खेपेला त्याला कसलीही लक्षणे नव्हती, हा तपशील मात्र बातम्यांच्या गदारोळात मागे पडला. खरी मेख त्यातच होती.

विषाणूला पेशीत शिरण्याआधी अडवतात त्या अँटिबॉडी. त्याच्या पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनाला त्या चिकटतात. त्यांचे प्रमाण काही महिन्यांत घटते आणि स्पाइकमध्ये बदल झाले की जुन्या अँटिबॉडींची पकडही सुटते. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची वर्दी आली, तेव्हा त्याच्या स्पाइकमध्ये तिसाहून अधिक बदल होते. पुढच्याच महिन्यात तो डोंबिवलीत सापडला.

फरक किती पडला? कतारमधल्या अभ्यासात आधीच्या संसर्गामुळे ओमिक्रॉनपूर्वीच्या डेल्टा प्रकाराच्या पुनर्लागणीपासून सुमारे 92 टक्के संरक्षण मिळत होते. ओमिक्रॉनपुढे ते 56 टक्क्यांवर घसरले. मात्र ओमिक्रॉनच्या गंभीर आजारापासूनचे संरक्षण 88 टक्क्यांच्या आसपास टिकून होते. कारण प्रतिकारशक्ती एकट्या अँटिबॉडींवर चालत नाही. टी-पेशी लागण रोखत नाहीत, लागण झालेल्या पेशी हेरून मारतात. त्या विषाणूच्या प्रथिनांचे अनेक तुकडे ओळखतात आणि एका नव्या प्रकारात ते सगळेच काही बदलत नाहीत.

खरे तर करोनाच्या कुळाचा हा स्वभाव जुनाच. साधी सर्दी देणारे चार मानवी करोनाविषाणू आपल्यात आधीपासून आहेत. ॲम्स्टरडॅममध्ये 1985 पासून साठवलेले दहा पुरुषांचे रक्तनमुने तपासले, तेव्हा या विषाणूंची वर्षभराने पुन्हा लागण होणे सर्रास आढळले. लसही अँटिबॉडी आणि टी-पेशी याच दोन फळ्या उभ्या करते; तेव्हा ‘पुन्हा झाला, म्हणजे लस फुकट गेली’ हा सूर मला पटत नाही. लागण टाळणे आणि आजार जिवावर न बेतणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे अजून बऱ्यापैकी होते आहे.

बऱ्यापैकी म्हणजे सगळ्यांच्या बाबतीत सारखे नव्हे. उतारवयात, किंवा कर्करोगाच्या उपचारांनी अथवा प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते तेव्हा ही दुसरी फळीही दुबळी पडते. अशांनी ‘मला होऊन गेलाय’ म्हणत ताप-खोकला अंगावर काढू नये. डॉक्टरांना लवकर दाखवावे.