कायद्याने गृहीत धरलेले, शाळेने वगळलेले

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ‘पोक्सो’ या नावाने परिचित असलेला २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानतो, लैंगिक संबंधांना तिने दिलेली संमती ग्राह्य धरत नाही आणि अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो. ही सारी यंत्रणा मुळात एका गृहीतकावर उभी आहे, ते असे की आपल्या बाबतीत घडले ते वावगे होते हे मुलाला उमगेल आणि ते एखाद्या मोठ्या माणसाला सांगता येईल. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेरा राज्यांतील पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते, त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीतले होते आणि बहुसंख्य मुलांनी त्याची वाच्यता कधीच केली नव्हती. कायदा ज्या जाणतेपणाची अपेक्षा ठेवतो, तो देण्याची जबाबदारी शाळेने अजून पुरती स्वीकारलेली नाही, आणि लैंगिकता शिक्षणाच्या मागणीचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

शाळेत हा विषय मुळीच येत नाही, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मानवी प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र यांची माहिती आकृत्यांसह दिलेली आहे. परंतु अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय ही नावे आकृतीवर बिनचूक लिहून गुण मिळवणाऱ्या मुलीला, पाळी लांबली किंवा असह्य दुखू लागले तर कोणाकडे जावे, हे त्या आकृतीतून कळत नाही. त्याचप्रमाणे शुक्राणूंचा प्रवास तोंडपाठ असलेल्या मुलाला समोरच्या व्यक्तीचा नकार कसा ओळखावा आणि कसा मानावा, याचा उलगडा होत नाही. शिवाय बहुतेक मुलींची पाळी दहावीच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, त्यामुळे धडा पोहोचतो तोवर त्यातील बरेचसे ऐकीव आणि अर्धवट माहितीतून गोळा झालेले असते. अनेक वर्गांत तर हा भाग ‘घरी वाचून या’ एवढ्यावरच उरकला जातो.

प्रजननाचे जीवशास्त्र आणि सर्वंकष लैंगिकता शिक्षण यांतील भेद इथे स्पष्ट होतो. शरीराची रचना, भावना, नातेसंबंध, स्त्री-पुरुष समानता, संमती, आरोग्य आणि कायदा या सर्वांचा वयानुरूप आणि टप्प्याटप्प्याने परिचय करून देणारा अभ्यासक्रम म्हणजे सर्वंकष लैंगिकता शिक्षण होय. युनेस्कोने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि २०१८ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे त्याची मांडणी पाच ते अठरा वर्षांच्या वयोगटांनुसार करतात. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना शरीराच्या सर्व अवयवांची योग्य नावे आणि नकोसा स्पर्श झाल्यास विश्वासातल्या माणसाला सांगण्याची सवय, अशा गोष्टी शिकवल्या जातात. त्यानंतरच्या टप्प्यात पाळी, झोपेत होणारे वीर्यस्खलन आणि आवाजातील बदल यांची कल्पना ते बदल घडण्यापूर्वी दिली जाते. कुमारवयात मित्रांचे दडपण, मोबाइलवरून छायाचित्रे पाठवण्यातील धोके, गर्भनिरोधन, लैंगिक संसर्गजन्य आजार आणि कायद्यातील तरतुदी येतात. सहा वर्षांच्या मुलाला संभोगाची माहिती दिली जाणार, ही जी भीती पालकसभांतून व्यक्त होते, तिला या मांडणीत आधार सापडत नाही.

माहिती दिली की कुतूहल चाळवते आणि मुले बिघडतात, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण तो प्रामाणिक काळजीतून येतो. मात्र युनेस्कोने विविध देशांतील अभ्यासांचा आढावा घेतला असता अशा शिक्षणामुळे लैंगिक व्यवहार वाढत नाहीत, उलट त्यांचा प्रारंभ लांबतो आणि असुरक्षित संबंध कमी होतात, असेच आढळले. कुतूहल तर वयाबरोबर येतेच. ते शमवायला शिक्षक असेल की हातातल्या मोबाइलवरचे अश्लील चित्रण, एवढाच पर्याय मोठ्यांच्या हाती उरतो.

हे सारे पाश्चात्त्य असल्याचा आरोप निदान मराठी समाजाने तरी करू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला ते हरले, दंड झाला, तरी मासिक थांबले नाही. पुढे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून हीच परंपरा तरुणांपर्यंत नेली. तरीही २००७ मध्ये, एड्स प्रतिबंधाच्या हेतूने केंद्राने आणलेल्या किशोरवयीन शिक्षणाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी विरोध केला आणि इथे तो कार्यक्रम बारगळला. त्याउलट झारखंडमध्ये ‘उडान’ हा कार्यक्रम २००६ पासून सरकारी शाळांत रुजला, कारण राज्याच्या शिक्षण खात्याने तो स्वतःचा मानला आणि स्थानिक समाजाला विश्वासात घेतले. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांच्या अश्लील चित्रणासंबंधीच्या निकालात लैंगिक शिक्षणाविषयीचे गैरसमज खोडून काढले, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नववीपर्यंत न थांबता त्याआधीच सुरू व्हावे, असे मत नोंदवले.

झारखंडचा हा अनुभव आणि २००७ मधील माघार एकत्र पाहिले, तर अडचण अभ्यासक्रम लिहिण्यात नसून तो रुजवण्यात आहे, हे ध्यानात येते. एखाद्या पाहुण्या डॉक्टरांचे वर्षातून एक व्याख्यान, तेही मुला-मुलींना वेगळे बसवून, हे शिक्षण नव्हे. वेळापत्रकात ठरलेले तास, न लाजता उत्तर देण्याचे प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारण्याची सोय आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी पालकांना दाखवलेले सर्व साहित्य, इतक्या तरतुदी किमान आवश्यक ठरतात. यांतील शेवटची तरतूद टाळली, तर २००७ चा गदारोळ पुन्हा उठेल. मुलांना धर्म, संस्कार आणि मर्यादा शिकवण्याचा पालकांचा अधिकार या शिक्षणाने हिरावला जात नाही. मात्र अत्याचार ओळखण्याचे आणि सांगण्याचे सामर्थ्य कोणत्या घरात जन्म झाला यावर अवलंबून राहणे, हे प्रत्येक बालकाला सारखे संरक्षण देऊ पाहणाऱ्या कायद्याशी विसंगत आहे.