टॉवरचे पोलाद, डीपीचा पत्रा

२५ नोव्हेंबर २००५, शुक्रवार. जर्मनीच्या वायव्येला, नेदरलँड्सच्या सीमेलगत म्युन्स्टरलँड नावाचा सपाट मुलूख आहे. शेतीचा, गाईगुरांचा. त्या दिवशी तिथे बर्फ पडायला लागले. जर्मनीत बर्फाचे कुणाला अप्रूप नसते, पण हे बर्फ नेहमीसारखे भुरभुरीत नव्हते. हवा शून्य अंशाच्या आसपास रेंगाळत होती आणि बर्फ ओले, चिकट होते. ते विजेच्या तारेवर बसले की तार वजनाने हळूहळू पीळ घेते, कोरी बाजू वर येते, तिच्यावर पुन्हा बर्फ बसते. असे होता होता तारेभोवती बर्फाची गोल वळकटी तयार होते. मैलोन्‌मैल अशा वळकट्या लोंबायला लागल्या आणि टॉवर मोडू लागले. काही कमरेत वाकले, काही पार जमिनीवर लोळले. ऐंशीच्या आसपास टॉवर पडले आणि सुमारे अडीच लाख लोकांची वीज गेली. ओख्ट्रुप या गावाच्या परिसरात तर काही दिवस अंधार होता. गोठ्यात गाई ओरडत होत्या, कारण दूध काढणारी यंत्रे बंद होती. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारा जनरेटर होता, त्यांचा तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरत होता.

पडलेल्या टॉवरचे तुकडे बर्लिनच्या केंद्रीय साहित्य-परीक्षण संस्थेत तपासले गेले. बर्फाचा भार बांधणीच्या वेळी धरलेल्या भारापेक्षा जास्त होता, हे स्पष्टच होते. पण तपासलेल्या तुकड्यांत काही ‘थॉमस पोलादा’चे निघाले, आणि त्यांतले काही ठिसूळ झालेले होते. मला जर्मनीच्या पोलादाची सगळी कहाणी या एका नावापाशी येऊन मिळते असे वाटते, म्हणून ती जरा मागून सांगतो.

सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनच्या पोलिस कोर्टातला कारकून. दिवसा खटल्यांचे कागद लिहायचा आणि रात्री रसायनशास्त्र शिकायचा. त्या काळी बेसेमरच्या भट्टीत पोलाद झपाट्याने तयार होत होते, पण खनिजात फॉस्फरस असला की सगळा माल तडकायचा. थॉमसने भट्टीचे अस्तर बदलले. आम्लधर्मी विटांऐवजी डोलोमाइट वापरला, आत चुना टाकला, आणि फॉस्फरस चुन्याबरोबर मळीत निघून गेला. वेल्समधल्या ब्लेनेव्हनला नोकरी करणारा त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याने प्रयोगांना हात दिला. थॉमस १८८५ साली वारला, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

शोध इंग्रजाचा, पण सोने झाले जर्मनीचे. १८७१च्या युद्धात जर्मनीने फ्रान्सकडून लोरेनचा भाग घेतला होता. तिथे लोखंडाचे खनिज मुबलक, आणि तेवढाच त्यात फॉस्फरस. थॉमसची भट्टी येईपर्यंत पोलादासाठी ते जवळजवळ निरुपयोगी होते. २२ सप्टेंबर १८७९ रोजी डॉर्टमुंडजवळच्या ह्योर्डेत आणि ड्युइसबुर्गच्या रुरोर्टमध्ये, एकाच दिवशी, या पद्धतीचे पोलाद जर्मनीत पहिल्यांदा निघाले.

आता आणखी एक तारीख पाहा. त्याच वर्षी १५ जुलैला बिस्मार्कने नवा जकात कायदा आणला. परदेशी कच्च्या लोखंडावर टनाला १० मार्क आणि परदेशी राय धान्यावरही टनाला १० मार्क. पश्चिमेचे कारखानदार आणि पूर्वेचे मोठे जमीनदार यांची सोयरीक तिथे जुळली. जर्मन इतिहासकार या जोडीला लोखंड आणि राय यांचे लग्न म्हणतात. त्या लग्नात थॉमसच्या भट्टीने दोन्ही घरांना अहेर केला: कारखानदाराला पोलाद मिळाले, आणि फॉस्फरसने भरलेली मळी दळून तिचे खत शेतात गेले. जकातीच्या भिंतीआड आणि या भट्टीच्या जोरावर जर्मनीने शतक संपायच्या आत पोलादात इंग्लंडला मागे टाकले.

पण थॉमसच्या भट्टीत वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकायची, आणि हवेत चार-पंचमांश नायट्रोजन. तो थोडा पोलादात राहून जातो. पोलाद नवे असते तोवर कळत नाही. वर्षे लोटली की तो आपले काम करतो आणि पोलाद वाकण्याऐवजी कडकन मोडायला लागते, थंडीत जास्तच. शुद्ध ऑक्सिजन फुंकण्याची पद्धत ऑस्ट्रियात लिंत्सला १९५२मध्ये सुरू झाली आणि थॉमसची सद्दी संपत गेली. तोवर त्या पोलादाचे किती टॉवर शेतांत उभे राहिले होते! ते देशी होते, जकातीने जपलेल्या उद्योगाचे होते, टनाच्या हिशेबात चोख होते, आणि ओल्या बर्फाच्या एका रात्री त्यांतले काही मोडले.

पोलाद, जकात आणि विजेची सुरक्षितता हे तीन शब्द हल्ली एका दमात उच्चारले जातात. देशी पोलाद वाचवा, म्हणजे देश सुरक्षित, असा त्याचा सूर असतो. माझे म्हणणे असे की टनांनी मोजलेले पोलाद विजेच्या जाळ्याला वाचवत नाही. कोणते पोलाद, कुठल्या रूपात, हे विचारल्याशिवाय जकातीला अर्थ नाही. आणि या प्रश्नाची खरी कसोटी टॉवरवर लागत नाही, ती ट्रान्सफॉर्मरमध्ये लागते.

आपल्या गावाकडे ट्रान्सफॉर्मर कुणी म्हणत नाही, ‘डीपी’ म्हणतात. ‘डीपी जळाला’ हे दोन शब्द ऐन रब्बीत कानावर पडले की पोटात गोळा येतो. मी लहानपणी पाहिलेय, गहू ओंबीवर असताना डीपी जायचा. मग वर्गणी, मग ट्रॅक्टर, मग तालुक्याला खेपा, आणि तोवर विहिरीत पाणी असून पीक तहानलेले. त्या हिरव्या-राखाडी डब्यातला तो सततचा गुंजारव मात्र आठवणीत पक्का आहे. तो आवाज कशाचा, हे पुष्कळ वर्षांनी सिन्नरकडच्या एका रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये कळले.

मिस्त्रींनी जळालेला डीपी उघडला होता. तेल काढून झाले होते, काळी पडलेली कॉइल बाजूला होती आणि मधोमध कोअर. दुरून लोखंडाचा ठोकळा वाटला. जवळून पाहिले तर पत्र्यांची चळत, वहीची पाने रचावीत तशी. एक पान त्यांनी माझ्या हातात दिले. पोस्टकार्डाइतके जाड, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, राखी रंगाचे, हलके. “हा सीआरजीओ,” ते म्हणाले, “याला दिशा असते. उलटा कापला की वाया.”

सीआरजीओ म्हणजे थंड लाटलेला, स्फटिकांना दिशा असलेला पत्रा. त्यात लोखंडासोबत सुमारे ३ टक्के सिलिकॉन असतो. विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण फेरा घेते, तशी पत्र्यातली चुंबकशक्तीही उलटसुलट होत राहते. त्या ओढाताणीत पत्रा अतिसूक्ष्म ताणला-आकसला जातो, सेकंदाला शंभर वेळा. डीपीचा गुंजारव तो हाच. प्रत्येक फेऱ्यात थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, गावात एकही दिवा लागलेला नसला तरी. तो तोटा कमी करण्याची किल्ली अमेरिकेच्या नॉर्मन गॉसला सापडली, १९३४ साली त्याला पेटंट मिळाले. थंड अवस्थेत लाटणे आणि तापवणे यांचा असा क्रम त्याने लावला की पत्र्यातले स्फटिक एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात आणि चुंबकशक्ती लाटल्या दिशेने सहज वाहते. शेवटचे तापवणे हायड्रोजनमध्ये, सुमारे १२०० अंशांवर, आणि गुंडाळ्या भट्टीत दिवस-दिवस राहतात. ज्या स्फटिकांची दिशा बरोबर, ते वाढत जाऊन शेजाऱ्यांना गिळतात आणि सेंटिमीटरच्या मापाचे होतात. जगातल्या एकूण पोलादात या पत्र्याचा वाटा एक टक्काही नाही. तो करणारे कारखाने जगात मोजकेच.

युरोपीय संघात ते दोन कंपन्यांकडे आहेत. पोलंडमध्ये बोख्निया इथे स्टालप्रोडुक्ट, आणि दुसरी थिसेनक्रुप: जर्मनीत गेल्सेनकिर्खेन, उत्तर फ्रान्समध्ये इझबेर्ग. गेल्सेनकिर्खेन म्हणजे शाल्के या फुटबॉल क्लबचे गाव. कोळशाच्या जमान्यात त्याला हजार आगींचे शहर म्हणत. खाणी संपल्या, आगी विझल्या, आणि आता हे जर्मनीतल्या सर्वांत जास्त बेकारीच्या शहरांपैकी एक आहे. पत्र्याचा कारखाना तिथे टिकून राहिला होता.

या पत्र्यावर युरोपीय संघाने २०१५च्या ऑक्टोबरमध्ये चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका यांच्याविरुद्ध जकात बसवली. तिची रचना वाचून मी चकित झालो. टनाला अमुक टक्के असा सरधोपट हिशेब नव्हता. पत्रा किलोमागे किती वॅट वाया घालवतो, त्यावर किमान किंमत ठरली. ०.९ वॅट किंवा त्याहून कमी तोट्याच्या पत्र्याला टनामागे २,०४३ युरो, त्याखालच्या प्रतीला १,८७३, आणि १.०५ वॅटच्या वरच्या मालाला १,५३६. त्या किमतीला किंवा वर विकाल तर जकात नाही, खाली उतराल तर भरा. कोणते पोलाद, हा प्रश्न विचारणारी जकात मी एवढीच पाहिली आणि मला ती मनापासून आवडते. ट्रान्सफॉर्मर करणाऱ्यांचीही अडवणूक नको, कारण त्यांच्या मालात वाया जाणाऱ्या विजेवर संघाने त्याच वर्षी मर्यादा घातली होती आणि २०२१मध्ये ती आणखी कडक झाली. त्यांना उत्तम पत्रा हवाच होता.

पण २०१५ची रेघ २०१५च्या खर्चावर ओढलेली होती. २०२२च्या जानेवारीत ही तजवीज पुढे चालू ठेवली, आणि पुढच्याच महिन्यात युक्रेनवर हल्ला झाला. रशियाचा गॅस आटला, वीज महागली, दिवस-दिवस भट्टी तापती ठेवणाऱ्या कारखान्याचा खर्च कुठल्या कुठे गेला. किमान किंमत मात्र जुनीच. शिवाय २०१८-१९मध्ये अमेरिकेने पोलादावर बसवलेल्या २५ टक्के शुल्काला उत्तर म्हणून संघाने पोलादाच्या बहुतेक प्रकारांसाठी आयातीचा कोटा लावला, त्याच्या यादीत विजेच्या पत्र्यांचे एक कलम होते आणि तिथे हा दिशा असलेला पत्रा मुद्दाम वगळला होता. 

आणखी एक वाट मोकळी होती. पत्र्यावर जकात आहे, पण तोच पत्रा कापून, रचून, कोअर म्हणून आणला, किंवा आख्खा ट्रान्सफॉर्मरच आणला, तर तो दुसऱ्या कलमात जातो. अमेरिकेने याच वाटेचा अनुभव घेतला. २०१८मध्ये पत्र्यावर शुल्क बसले आणि कोअर शेजारच्या देशांतून येऊ लागले, म्हणून २०२०मध्ये तिथल्या सरकारला राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखाली कोअरची वेगळी चौकशी करावी लागली. त्या देशात हा पत्रा करणारी एकच कंपनी उरली आहे, क्लीव्हलँड-क्लिफ्स, पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला. जून २०२५मध्ये तिथले शुल्क ५० टक्के झाले. अमेरिकेचे दार असे मिटले की आशियातला माल युरोपकडे वळतो.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने नवा प्रस्ताव मांडला: बिनशुल्क कोटा ४७ टक्क्यांनी कापून १ कोटी ८३ लाख टन, त्यापुढे ५० टक्के शुल्क. मथळे टनांचेच होते. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये थिसेनक्रुपने गेल्सेनकिर्खेन आणि इझबेर्ग दोन्हीकडचे उत्पादन वर्षअखेरपर्यंत थांबवले, इझबेर्ग पुढे काही महिने निम्म्या क्षमतेवर चालेल असे सांगितले. आशियातून येणाऱ्या स्वस्त मालापुढे टिकाव लागत नाही, हे कारण. दोन्ही ठिकाणी मिळून सुमारे १,२०० माणसांची पोटे त्यावर आहेत.

हे घडत होते तेव्हा जर्मनीला ट्रान्सफॉर्मर कधी नव्हते इतके हवे होते. उत्तरेची वाऱ्याची वीज दक्षिणेच्या कारखान्यांपर्यंत न्यायला ५२५ किलोव्होल्टची, सुमारे ७०० किलोमीटरची ‘झ्युडलिंक’ वाहिनी जमिनीखालून टाकली जात आहे. ती २०२२ला व्हायची होती, आता २०२८ म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना अवाढव्य ट्रान्सफॉर्मर लागणार. दगडी कोळशाच्या जागी विजेवर पोलाद वितळवायचे तर त्या भट्ट्यांपाशीही ट्रान्सफॉर्मरच. पोलादाला वीज हवी, विजेला पोलाद.

ट्रान्सफॉर्मर करणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. ते म्हणतात, पत्रा महाग झाला की आमचा माल महागेल आणि ग्राहक बाहेरून आख्खा ट्रान्सफॉर्मर आणेल. मग पत्रा कुणाला विकाल? म्हणून जकात लावायचीच तर पत्रा, कोअर आणि ट्रान्सफॉर्मर या साखळीला एकत्र लावावी, आणि तीही वॅटच्या हिशेबाने. अर्धी साखळी राखण्यापेक्षा न राखलेली बरी, असे मला वाटते. आणि ही साखळी राखायची कशासाठी? जानेवारी २०२६मध्ये बर्लिनच्या नैर्ऋत्य भागात कुणीतरी केबल जाळल्या आणि सुमारे ४५ हजार घरे कडाक्याच्या थंडीत दिवसचे दिवस विजेविना राहिली. केबल चार-पाच दिवसांत जोडता आली. मोठा ट्रान्सफॉर्मर गेला असता तर? तो दुकानात मिळत नाही, मागवल्यावर दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागतात.

या गोष्टीचे एक टोक आपल्याकडे आहे. नाशिक-मुंबई महामार्गालगत, इगतपुरी तालुक्यात, भारतातला हा पत्रा करणारा कारखाना उभा आहे. कापडाच्या रेमंडचा पोलाद विभाग म्हणून तो सुरू झाला आणि २०००च्या सुमारास थिसेनक्रुपकडे गेला. गेल्सेनकिर्खेनचे हे नाशिकचे भावंड. क्षमता वर्षाला ५० हजार टन, आणि देशाची गरज त्याच्या कितीतरी पट, म्हणून आपण बहुतेक पत्रा बाहेरून आणत आलो. एके काळी परदेशातल्या मोडीत निघालेल्या ट्रान्सफॉर्मरचा जुना पत्राही इथे येऊन कापला, रचला जायचा. सरकारने पुढे दर्जाची सक्ती केली ती त्यासाठीच. ऑक्टोबर २०२४मध्ये जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांनी मिळून हा कारखाना विकत घेण्याचा करार केला, २०२५च्या सुरुवातीला तो त्यांच्या ताब्यात आला, आणि आता त्याची क्षमता अडीच लाख टनांवर नेण्याची योजना जाहीर झाली आहे. जर्मन मालकाने नाशिकचे भावंड विकले आणि वर्षाच्या आत घरच्या भट्ट्या थंड करायची वेळ त्याच्यावर आली.

भट्टी पुन्हा पेटवता येते, माणसे पुन्हा गोळा होत नाहीत. वेल्समध्ये न्यूपोर्टला ऑर्ब नावाचा असाच कारखाना होता, टाटा स्टीलच्या मालकीचा, ब्रिटनमधला विजेचा पत्रा करणारा एकमेव. २०१९च्या डिसेंबरमध्ये तो बंद झाला, आणि ब्रिटनला आपल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा पत्रा बाहेरून आणावा लागू लागला.

सिन्नरच्या त्या मिस्त्रींनी दिलेला तुकडा माझ्या टेबलावर आहे. वरचा राखी थर एका कोपऱ्यात घासून काढला, थोडे आम्ल लावले, तेव्हा आतले स्फटिक दिसले: बोटाच्या पेराएवढे, वेडेवाकडे. तिरप्या उजेडात धरले की सगळे एकदम चमकतात, पत्रा जरा फिरवला की सगळे एकदम विझतात.